रोबोकॉनला ओरडणारे म्हणजे ‘फुकटचे बघे’?

मुक्ताफळे

तपकीरगल्ली यांच्या परवाच्या लेखाला तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा. लेख न वाचलेल्यांसाठी सार: रोबोकॉन ही कॉलेजच्या टीमांनी रोबोट बनवून खेळवायची इंजिनिअरिंगची स्पर्धा, पोरांनी तिची जत्रा केली. टी-शर्ट, झेंडे, ‘आवाज कुणाचा’, इन्स्टावर लाइव्ह, यात रोबोट कुठेच नाही. गॅलरीतले तीनशे जण म्हणजे ‘कॉलेजच्या बसने आलेले फुकटचे बघे’. आणि शेवटी सल्ला, की बुद्धिबळासारखी शांततेत घ्या.

मी त्या बघ्यांतली. २०१४, थर्ड इयर, ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. त्या वर्षीची थीम आठवत असेल, पालकत्वाला सलाम. पेरेंट रोबोटने चाइल्ड रोबोटला कडेवर घेऊन सीसॉ, पोल वॉक, झोका आणि जंगल जिम असं सगळं खेळवून आणायचं. पूर्ण झालं की ‘शाब्बास’, मॅच तिथेच खल्लास. हवेच्या टाक्या म्हणून दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरायच्या आणि त्यात सहा बारपर्यंत हवा भरायची, हे मला टीमवाल्यांकडूनच कळलं. त्या बाटल्या पिऊन रिकाम्या कुणी केल्या? आम्ही. आठवडाभर मेसच्या वरणभातासोबत ऑरेंज. आम्ही टीमचाच भाग होतो. लेखकमहाशयांनी खर्चाचा हिशोब मांडलाय, त्यात ही ओळ दिसली नाही.

मार्चमधली राष्ट्रीय फेरी, पुण्यात बालेवाडीला, आमची दुसरी मॅच. सीसॉ झाला, पोल वॉक झाला, झोक्यावर चाइल्ड बसवला आणि पेरेंट मागे सरकेना. काय बिघडलं ते गॅलरीतून कळत नाही, ऑपरेटरची मान तेवढी दिसते. ती खाली गेली. आमच्यातल्या एकाने वीस लिटरच्या रिकाम्या जारवर थाप मारली आणि पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना देतात तशी आरोळी ठोकली, “अरे आवाज कुणाचाऽऽ!” ऑपरेटरने वर बघितलं. रीट्राय मागितला. मॅच हरलोच, पण हूटर वाजायच्या आत चाइल्ड जंगल जिमला लटकला होता. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांवर आम्ही वर्षभर मिरवलं.

त्याच ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फेरीही बालेवाडीलाच होती. व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने जिंकली. त्यांच्यासाठी घसा बसेस्तोवर ओरडणाऱ्या आकुर्डीच्या पोरांना व्हिएतनाम नकाशात दाखवता आलं नसतं. रोबोट झकास चालला की ओरडायचं, इतकं साधं गणित.

आणि शांतता कसली मागता? ही स्पर्धा भरवते मुळी ब्रॉडकास्टर मंडळींची संघटना, २००२ पासून. आपल्याकडे दूरदर्शन. टीव्हीवर दाखवायलाच जन्माला आलेली स्पर्धा शांततेत घ्या म्हणणं म्हणजे तमाशाला जाऊन ढोलकी बंद करा म्हणणं. २००८ ला पुण्यात आंतरराष्ट्रीय फेरी झाली तेव्हा थीम होती गोविंदा. चक्क दहीहंडी! ती पण मौन पाळून फोडायची का?

लिंगोरचा

धाग्याशी सहमत. थीमवरून आठवलं म्हणून लिहितो. २०२२ ला दिल्लीच्या फेरीची थीम लगोरी होती. आनंद झाला. पण नियमात लगोऱ्या पाचच! आम्ही लहानपणी सात ठिकऱ्या रचायचो. पाच का, हे कुणी सांगेल का?

तपकीरगल्ली

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. ‘फुकट’ हा शब्द बसबद्दल होता, माणसांबद्दल नव्हे. बाकी एका शब्दालाही मी बदलणार नाही.

तुम्ही २०१४ ची गोष्ट सांगितलीत, मी २०१७ ची सांगतो. थीम लँडिंग डिस्क. सात स्पॉट. मऊ डिस्क भिरकावून आधी वरचे बीच बॉल पाडायचे, मग डिस्क स्पॉटवर टिकवायच्या. वर्कशॉपमध्ये आमचा बॉट डोळे मिटून टाकल्यासारखा टाकायचा. कंट्रोलर गेमिंगचा, ब्लूटूथवर. बालेवाडीला टेस्ट रन केला तेव्हा गॅलरी रिकामी, कनेक्शन एकदाही तुटलं नाही. मॅचला गॅलरी भरली. आमच्याच कॉलेजची पब्लिक हॉटस्पॉट लावून लाइव्ह करत होती. साधारण पन्नासाव्या सेकंदाला बॉटचा पुतळा झाला. मी बटणं दाबतोय आणि तो माझ्याकडे बघतोय. रीट्राय घेतला, पुन्हा तेच.

आठ महिने, मुक्ताताई. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, मोटर ड्रायव्हर किती वेळा आणले याचा हिशोब सोडून दिला होता. एका विषयात नापास होऊन केटी लागली. बजेटमधले चाळीस हजार टी-शर्ट आणि फ्लेक्सवर गेले, का, तर ‘हाइप पाहिजे’. चांगले एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे) घ्यायला मागितले तेव्हा पैसे संपलेले. बाहेर आलो तर पाठीवर आमच्या बॉटचं चित्र असलेला एक भिडू मला विचारतो, “दादा, हरलात का?”

तो बघ्या नाही तर कोण?

सोलापुरी_चादर

तुम्हा दोघांचं भांडण पेठेतलं आहे, चालू द्या. आम्ही सोलापूरहून यायचो. नऊ जण, बॉट सुटा करून तीन पोत्यांत आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत, एसटीने. कंडक्टरने लगेज लावलं ते लावलं, वर विचारलं, “गिरणी हाय का काय ही?” उतरलो तेव्हा बेसची एक पट्टी वाकलेली. रात्रभर दगडावर ठोकून सरळ केली. अक्षरशः दगडावर.

आमच्या मॅचला गॅलरीतले निम्मे लोक वडापाव खायला गेलेले. समोरची टीम पुण्याची. त्यांचे पाचशे, आमचे शून्य. काउंटडाउनही ऐकू आलं नाही, रेफरीच्या हाताकडे बघून बटण दाबलं. तेव्हा ‘आवाज कुणाचा’ याचं उत्तर मला विचाराल तर, ज्याचं कॉलेज जवळ त्याचा. मुक्ताताईंना त्यात प्रेम दिसतं, मला होम ग्राउंड दिसतं. हल्ली राष्ट्रीय फेरी दिल्लीत होते तेव्हा पुणेकर हळहळतात, आम्हाला तसा फरक पडला नाही. आम्हाला दोन्हीकडे परकंच.

एक मात्र सांगतो. शेजारच्या पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, गुजरातची टीम होती. आमचा हवा सोडणारा सोलेनॉइड वॉल्व्ह चिकटला तर त्यांनी स्वतःचा स्पेअर काढून दिला, न मागता. ते ओरडले नाहीत. मला त्यांचे चेहरे आठवतात, गॅलरीतला एकही नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितेय. मुलगी हायस्कूलच्या रोबोटिक्स टीममध्ये आहे, एफआरसी म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. पहिल्यांदा स्पर्धेला गेले तेव्हा वाटलं चुकून गॅदरिंगला आले. कुणी केळ्याच्या वेशात, कुणी केस निळे केलेले, गळ्यापासून कमरेपर्यंत इतर टीमचे बिल्ले. हे बिल्ले अदलाबदल करून जमवायचे असतात. पिटमधून गाडी निघाली की पोरं ‘रोबोट! रोबोट!’ ओरडत पुढे पळतात, आपण बाजूला व्हायचं, हमालांचं ‘बाजू बाजू’ असतं तसं.

पण हा धिंगाणा तिथे ठरवून केलेला आहे. संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली ती याच हट्टाने, की पोरं खेळाडूंना डोक्यावर घेतात तशी इंजिनिअरना घेऊ देत. १९९२ ची पहिली स्पर्धा एका शाळेच्या जिममध्ये झाली, २८ टीम होत्या. आणि चादरभाऊ, तुमचा वॉल्व्ह! तिथे त्याला नाव आहे, ग्रेशस प्रोफेशनॅलिझम. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेला शब्द. त्यात तीन-तीन टीमची युती करून खेळावं लागतं, सकाळचा शत्रू दुपारी आपल्या युतीत. त्यामुळे समोरच्याची हुर्यो उडवून चालत नाही. सगळ्यात मानाचं बक्षीसही रोबोटला नसतं, टीमने आसपासच्या लोकांसाठी काय केलं त्याला असतं.

म्हणजे आवाज वाईट नाही. तो कुणाविरुद्ध आहे ते बघावं.

तपकीरगल्ली

आल्या, अमेरिकेच्या गोष्टी आल्या. त्या स्पर्धेची नुसती नोंदणी सहा हजार डॉलरच्या आसपास असते, ताई. तेवढ्यात आमचा अख्खा बॉट, त्याचा धाकटा भाऊ आणि वर्षभराचा चहा होतो. पोटभर जेवलेल्याने पंगतीचे नियम शिकवू नयेत.

एडिसनकर

फी तेवढीच आहे, मान्य. ती भागवायला ही पोरं शनिवारी पार्किंगमध्ये गाड्या धुतात आणि मी सामोसे तळून विकते. गेल्या वर्षी चारशे तळले. हात बघायचाय का माझा?

हर्ट्झमुक्त

गॅलरीचा खटला चाललाय तर एक तांत्रिक साक्ष माझी. क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. त्याच पट्ट्यातल्या वाय-फायच्या गर्दीने ते हैराण होतं, हे खरं. लॅग येतो, अंतर कमी होतं. पण दोन्ही वेळा ठार बंद पडतं म्हणजे सिग्नल मुळात काठावर होता. तपकीरगल्ली, रिसीव्हरचा डोंगल कुठे बसवला होता?

तपकीरगल्ली

कंट्रोल बॉक्समध्ये. अर्थात.

हर्ट्झमुक्त

बॉक्स कशाचा?

वेल्डिंगवाली

त्यांचं उत्तर येईपर्यंत मी बोलून घेते.

मुक्ताताई, तुमचा लेख आवडला, जारवरची थाप डोळ्यांसमोर आली. मग प्रश्न पडला. गॅलरीतल्या त्या पब्लिकमध्ये मुली किती होत्या? आणि खाली अरिनात टीमचा टी-शर्ट घालून उभ्या असलेल्यांत किती?

आमच्या कॉलेजात (नाव नको) सेकंड इयरला मी टीमची परीक्षा पास झाले. सोल्डरिंग माझं सगळ्यात स्वच्छ होतं, असं घेणारा सीनियरच म्हणाला. काम सुरू व्हायचं रात्री नऊनंतर, कारण दिवसा वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकल. आणि आमच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद. रजिस्टरमध्ये सही, उशीर झाला की घरी फोन. पंधरा दिवस मी साडेसात ते सव्वाआठ एवढं काम केलं. मग कॅप्टन फार गोड आवाजात म्हणाला, “तू मॅनेजमेंट बघ ना, मुलींचं अक्षर छान असतं.”

मग मी बॅनर रंगवले. स्पॉन्सरची पत्रं लिहिली. टी-शर्टचे साइझ मोजले. मार्चमध्ये गॅलरीत बसून ओरडले, मनापासून ओरडले, खोटं नाही बोलणार.

हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री वर्कशॉपमधल्या ग्राइंडरचा आवाज यायचा. अ‍ॅल्युमिनियम कापतायत की एमएस, म्हणजे साधं पोलाद, हे मला पलंगावर पडल्या पडल्या कळायचं. अ‍ॅल्युमिनियमचा आवाज घोगरा, मध्येच चाक भरून बसतं आणि दबतो. एमएसचा सणसणीत. ‘आवाज कुणाचा’ विचाराल तर माझ्यासाठी तो होता.

आज चाकणला फिक्श्चर डिझाइन करते, टिग वेल्डिंग स्वतः करते. शिकले सत्ताविसाव्या वर्षी, पगारातून फी भरून. त्यामुळे गॅलरीचं कौतुक ऐकलं की आधी मला ते गेट आठवतं.

मुक्ताफळे

वाईट वाटलं वाचून. पण याचा चीअरिंगशी काय संबंध? गेट हॉस्टेलचं, नियम कॉलेजचा. आणि मॅनेजमेंट म्हणजे दुय्यम काम, हे तुम्हीच गृहीत धरताय. स्पॉन्सरशिवाय बॉट हवेत उभा राहतो का?

वेल्डिंगवाली

मॅनेजमेंट दुय्यम असं मी म्हटलं नाही. ते मी निवडलं नव्हतं, असं म्हटलं. एकाही मुलाला “तुझं अक्षर छान” म्हणून वर्कशॉपबाहेर काढल्याचं ऐकलंय तुम्ही?

रेक्टरपुत्र

माझी आई एकोणीस वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होती. प्रत्येक धाग्यात तिच्यासारख्या रेक्टरना शिव्या खाताना बघतोय, आज बोलतोच. साडेआठचं गेट आईने ठरवलं नव्हतं. दहा मिनिटं उशीर झाला की मुलींचे वडील आमच्या लँडलाइनवर फोन करायचे, लातूरहून, बीडहून. “मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवलीय.” एकदा एका मुलीला प्रोजेक्टसाठी दहापर्यंत परवानगी दिली, तर दुसऱ्या दिवशी तिचे काका दारात हजर. आई त्यांच्यासमोर हात जोडून उभी होती, हे मी पाहिलंय. गेट बंद कुणी केलं ते आपापल्या घरी विचारा.

वेल्डिंगवाली

काकूंबद्दल आदर आहे. पण मुलांच्या हॉस्टेलला एकही काका आले नाहीत, हे त्यांनाही दिसत असेलच.

सोलापुरी_चादर

आमच्याकडे सरांनी वेळच बदलली होती. सकाळी सहा ते नऊ वर्कशॉप, रात्री कुणीच नाही. मुलं कुरकुरली, पण नऊ जणांत तीन मुली होत्या. लहान गावाला हसता ना, घ्या.

तपकीरगल्ली

आता सगळं पाप टीमवाल्यांच्या माथी का? आम्ही विशीतली पोरं, झोप नाही, हातात चटके. आम्ही गेटं बांधली नाहीत. रात्री काम करायचो कारण लेथ रात्रीच मोकळा असायचा. आता यातही पुरुषी कट शोधायचा असेल तर शोधा.

वेल्डिंगवाली

कट नाही हो, आळस. सकाळी सहाला उठायचा. वरचा प्रतिसाद वाचा.

तपकीरगल्ली

तुम्ही आमच्या टीमला ओळखत नाही आणि आळशी म्हणता? नऊ महिने रात्रपाळी करून बघा एकदा.

मुक्ताफळे

आधी आठ होते, आता नऊ झाले.

संपादक

वैयक्तिक शेरे आवरा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विषय स्पर्धेतल्या चीअरिंगचा आहे.

लिंगोरचा

मूळ विषयावर बोलायचं तर माझाही प्रश्न अजून तसाच आहे. पाच का?

हर्ट्झमुक्त

आणि माझाही. बॉक्स कशाचा होता?

तपकीरगल्ली

अ‍ॅल्युमिनियमचा. झालं समाधान? दीड एमएमचा पत्रा, चारी बाजूंनी बंद, कारण मागच्या वर्षी पट्टीचा कीस आत जाऊन ड्रायव्हर उडाला होता. धातूच्या बंद डब्यात सिग्नल अडतो, कळलं. आजवर मी ते गॅलरीच्या नावावर खपवलं. काठावरचा सिग्नल आमचा होता, ढकलला त्यांनी, इतकंच मान्य. टी-शर्टचे चाळीस हजार मात्र मी कधीही माफ करणार नाही.

मुक्ताफळे

टी-शर्टचं मीही मान्य करते. आमच्याकडेही दोन रंगांत काढले होते, ‘कोअर’ला काळा आणि बाकीच्यांना पांढरा. पांढऱ्यात मुलीच जास्त होत्या, हे काल जुने फोटो काढून बघितलं. माझं घर कोथरूडला, मला गेटची अडचण नव्हती. तरी मी वर्कशॉपमध्ये जाऊ का म्हणून विचारलंच नाही कधी. ओरडण्याची मजा खरी होती, ती मी परत देणार नाही. पण ‘आम्ही टीमचाच भाग होतो’ हे वाक्य दुसऱ्यांदा लिहायला गेले असते तर हात जरा अडखळला असता.

एडिसनकर

इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. माझ्या मुलीलाही पहिल्या वर्षी ‘तू बिल्ले डिझाइन कर’ म्हणाले होते. तिने केले. दुसऱ्या वर्षी ड्राइव्ह टीमसाठी, म्हणजे रोबोट चालवणाऱ्यांत जागा मिळवायला, भांडली.

तपकीरगल्ली

वेल्डिंगवाली, एक सांगतो, यावर चर्चा नको. आमच्या टीममध्ये दोन मुली होत्या. सव्वाआठला आवरून निघायच्या. आम्ही म्हणायचो, “चला, साडेआठची लोकल सुटली.” रोज. त्या हसायच्यासुद्धा. त्यातली एक वायरिंग बघायची. डोंगल बॉक्सच्या बाहेर काढा, असं तिने एकदा निघता निघता म्हटलं होतं. रात्री ते करायचं राहून गेलं.

वेल्डिंगवाली

बाहेर काढायला काय लागलं असतं?

तपकीरगल्ली

यूएसबीची एक्स्टेन्शन. अर्धा फूट. गल्लीत पन्नास रुपयांना मिळते.